पहिल्या थरातली मान

"याआधी कधी पडला आहात?" जुईने विचारलं.

अमितने मागे बसलेल्या पोरांकडे बघितलं आणि छाती फुगवली. "मी? कधीच नाही मॅडम. मी पडलो तर ह्या माकडांचं काय होणार?"

मंडळाच्या खोलीत हशा पिकला. कुणीतरी शिट्टी मारली. जुईलाही हसू आलं. शेजारी टॅब घेऊन बसलेल्या राजसला ती म्हणाली, "'नाही' लिही. पुढे घे."

काळाचौकीतल्या दोन चाळींच्या मधल्या बोळावर पत्रे टाकून ती खोली केलेली होती. भिंतीवर फळ्या ठोकून त्यावर ट्रॉफ्या दाटीवाटीने उभ्या होत्या. कोपऱ्यात मंडळाचा मोडका लाऊडस्पीकर आणि त्याच्यावर वाळत टाकलेले बनियन. गुरुपौर्णिमेला नारळ फुटला होता. म्हणजे दहीहंडीचा सराव सुरू झाला होता, आणि संध्याकाळी ह्या खोलीत घामाचा आणि बामाचा वास एकमेकांत मिसळून जात होता.

जुई गिरगावची. परळच्या एका कॉलेजात फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर वर्गाच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या प्रबंधाचा विषय होता मायोफेशियल रिलीज: ओझं वाहून आखडलेली मान हातांच्या ह्या उपचाराने किती मोकळी होते. त्यासाठी तिला आखडलेल्या माना हव्या होत्या, आणि त्या एकगठ्ठा एका खोलीत मिळाव्यात तर गोविंदा पथकाशिवाय कुठे? थर लागतात तेव्हा खालच्या माणसांच्या खांद्यांवर माणसं, त्यांच्या खांद्यांवर आणखी माणसं. सगळ्यांचं वजन शेवटी उतरतं ते पहिल्या थरावर.

"म्हणजे करणार काय गो तू नेमकं?" बाबुरावांनी विचारलं. ते पथकाचे प्रशिक्षक. गोदीतली नोकरी संपली तरी खांदे अजून गोदीतलेच होते. तरुणपणी वीस वर्षं स्वतः पहिल्या थरात उभे राहिलेले. पोरं त्यांना काका म्हणत आणि त्यांच्यासमोर सिगारेट लपवत.

"काका, कोंबडी सोलताना मांसावर एक पांढरा, पातळ पापुद्रा दिसतो ना? ओढला की ताणतो तो?"

"दिसतो तर. आषाढ आहे तोवर विचारून घे. श्रावणात असली उदाहरणं ह्या खोलीत चालायची नाहीत."

"तसाच पापुद्रा आपल्या प्रत्येक स्नायूभोवती असतो. त्याला फेशिया म्हणतात. सतत ताण पडला की तो चिकटतो, कडक होतो. मी त्याच्यावर हात ठेवते, हळूहळू दाब देते आणि थांबते. चोळायचं नाही, मोडायचं नाही. तो आपणहून सैल पडेपर्यंत थांबायचं."

"थांबायचं म्हणजे?"

"म्हणजे वाट बघायची."

"एवढ्यासाठी कॉलेज लागतं होय!" बाबुराव म्हणाले, आणि खोली पुन्हा हसली.

अर्ध्या पोरांना खरा उपचार मिळणार होता. उरलेल्या अर्ध्यांच्या मानेवर ती तेवढाच वेळ नुसता हात ठेवणार होती, दाब न देता. कुणाला काय मिळतंय ते त्यांना कळणार नव्हतं. मान किती वळते हे कोनमापकाने मोजायचं काम तिच्या वर्गातल्या राजसचं, आणि त्यालाही ते माहीत नसणार होतं. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा अमित खऱ्या उपचाराच्या गटात आला.

तो पंचविशीच्या पुढचा, बुटका, रुंद, चिंचपोकळी स्टेशनजवळच्या गल्लीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. दुपारी शटर अर्धं ओढून तो परळला यायचा, कॉलेजच्या ओपीडीत पालथा झोपायचा आणि पहिल्या मिनिटापासून बडबड करायचा. त्याची मान उजवीकडे जेमतेम वळत होती. मागून कुणी हाक मारली की तो कपाट फिरवावं तसा अख्खा फिरायचा. जुईच्या बोटांना लागत होतं ते मांस कमी आणि ताणून बांधलेला सुंभ जास्त. इतकी घट्ट मान तिने आजवर हाताखाली घेतली नव्हती.

"कधीपासून आहे हे?"

"असेल दीड-दोन वर्षं. सवय झाली. आई म्हणते, बरंय, पोरींकडे वळून बघत नाहीस."

पहिल्या काही वेळा काहीच झालं नाही. जुई हात ठेवायची, दाब द्यायची, थांबायची. सुंभ सुंभच राहायचा. मग एका दुपारी, अमित क्रिकेटबद्दल काहीतरी बोलत असताना, तो सुटला. आधी बोटांच्या टोकांखाली किंचित ऊब आली, मग एक हलकीशी थरथर, आणि मग थंडीत गोठलेलं खोबरेल उन्हात यावं तसं सगळं मऊ होत गेलं. अमित वाक्याच्या मधेच गप्प झाला.

"मॅडम," थोड्या वेळाने तो म्हणाला, "हे काय केलंत?"

राजसने मोजलं आणि पुन्हा मोजलं. "जुई, माझं यंत्र बिघडलंय की हा माणूस बदललाय?"

अमित घुबडासारखी मान फिरवून दाखवत होता, राजस मोबाईलवर त्याचा व्हिडिओ घेत होता, ओपीडीतल्या म्हाताऱ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. जुईचा चेहरा फुलून आला होता. एक गोष्ट मात्र तिच्या बोटांत राहून गेली होती. स्नायू सैल पडल्यावर मानेच्या मणक्यांची टोकं एकामागून एक लागली, जशी लागायला हवीत तशी. आणि खालच्या बाजूला एका ठिकाणी बोट जरासं आत गेलं. जिन्याची एक पायरी थोडी खचलेली असावी, तसं. तिने पुन्हा बोट फिरवलं. खळगा होताच.

प्रत्येकाचा कणा वेगळा असतो, असं तिने मनाशी म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

तिच्या मार्गदर्शक डॉ. राजलक्ष्मी मॅडम आकडे बघून खुर्चीतून पुढे सरकल्या. "हे पोरगं दादरच्या परिषदेत दाखवायचं. आधीचा व्हिडिओ, नंतरचा व्हिडिओ. बस्स. लोक तक्ते विसरतात, मान विसरत नाहीत."

"मॅडम, खाली एक मणका थोडा आत लागतोय."

"लागतो कधी कधी. पडल्याचा, मार लागल्याचा इतिहास आहे?"

"नाही. विचारलंय मी."

"मग?" मॅडमनी चष्मा काढला. "हाताला जे लागेल ते सगळं आजार नसतं, जुई. चालू ठेव."

तिने चालू ठेवलं. खरं सांगायचं तर तिलाही तेच ऐकायचं होतं.

श्रावण लागला. गल्लीगल्लीत हंड्यांचे फलक चढले, संध्याकाळी लालबागच्या बाजूने ढोलाचा आवाज यायला लागला. अमितची मान आता इतकी मोकळी झाली होती की बाबुरावांनी त्याला पहिल्या थरात अगदी मधोमध घेतलं. जिथे सगळ्यात जास्त भार येतो, तिथे. ही बातमी अमितने ओपीडीत पेढा देऊन सांगितली.

"तुमच्यामुळे, मॅडम. काका म्हणाले, आखडलेला माणूस मधे नको, आता तू मोकळा झालास."

पेढा देताना तो त्याच्या हातून निसटला. अमितने वाकून उचलला, आणि वाकताना एकदम "आईगं" म्हणाला.

"काय झालं?"

"काही नाही. मान खाली घातली की हल्ली पाठीतून करंट जातो. पार पायापर्यंत." तो हसला. "मोबाईलवाल्याला करंट काय नवीन?"

जुईला तो करंट ओळखीचा होता. पुस्तकात ह्या करंटला एका डॉक्टरचं नाव आहे. मानेतून खाली जाणाऱ्या मज्जारज्जूवर दाब आला की तो येतो. पण पुस्तकात असंही होतं की उपचारानंतर काही जणांना मुंग्या येतात, झिणझिण्या येतात, आणि जातात. दोन्ही वाक्यं तिला पाठ होती. तिने त्या दिवशी अमितच्या मानेला हात लावला नाही. "उद्या लवकर ये, नीट तपासते," एवढंच म्हणाली.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. फोन केला तर, "मॅडम, गिऱ्हाईक आहे, नंतर येतो." शनिवारी दुपारी ती स्वतःच चिंचपोकळीला गेली.

दुकान म्हणजे भिंतीत कोरलेलं कपाट होतं. अमित दिव्याखाली वाकून एका फोनचं पाठचं झाकण लावत होता. चिमट्यात स्क्रू धरायचा, भोकापर्यंत न्यायचा, आणि स्क्रू पडायचा. पुन्हा धरायचा. पुन्हा पडायचा. गिऱ्हाईक बाई पर्सचा बंद ओढत उभी होती.

"हल्ली स्क्रूच असले बारीक बनवतात," अमित तिला म्हणाला. "चायनावाले."

बाई फोन घेऊन गेल्यावर जुई आत स्टुलावर बसली. "हात दे."

"आता हात बघणार? लग्न कधी आहे सांगा."

तिने त्याचं मधलं बोट आपल्या बोटांत सैल धरलं आणि त्याच्या नखावर टिचकी मारली. धडधाकट माणसाचा हात अशा टिचकीने तसाच पडून राहतो. अमितचा अंगठा मात्र आपोआप तळव्याकडे वळला, झोपलेल्या तान्ह्या मुलाचा वळावा तसा. तिने पुन्हा टिचकी मारली. अंगठा पुन्हा वळला.

"हे मी करत नाहीये हां," अमित म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा जराशी विरली होती.

"चप्पल सुटते का चालताना?"

"...कधी कधी. तुम्हाला कसं कळलं?"

"अमित, मला खरं सांग. तू कधीच पडला नाहीस?"

"नाही सांगितलं ना."

"एकदाही नाही?"

अमितने तिच्याकडे बघितलं. तिला एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "मॅडम, पहिल्या थरातला माणूस पडत नाही. त्याच्यावर पडतात."

बाहेरून कुणीतरी टेम्पोचा हॉर्न वाजवत होतं. जुईला तो लांबून येत असल्यासारखा वाटला.

"कधी पडले?"

"दरवर्षीच पडतात. त्यात काय. पण दोन वर्षांमागे लालबागला आठवा थर चढताना सगळं कोसळलं, तेव्हा वरून एकाचा गुडघा बसला इथे." त्याने मानेमागे बोट ठेवलं. खळगा होता तिथेच. "डोकंच उचलेना. काकांनी हळद-मीठ लावून टॉवेल बांधला घट्ट. आठवडाभर तसाच दुकानात बसलो. मग मान आखडली ती आखडलीच. तुम्ही सोडवेपर्यंत."

मान आखडली होती. जुईला आता सगळं दिसलं, एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरावी तसं. गुडघ्याच्या माराने मणके धरून ठेवणारे बंध फाटले होते. सरकणारा मणका शरीराने आपल्याच पद्धतीने बांधून टाकला होता. हाडाला हाड जोडता येईना तेव्हा स्नायूंचा सुंभ करून. दीड-दोन वर्षं तो सुंभ राखण करत उभा होता. आणि ती रोज दुपारी त्याच्यावर हात ठेवून, अगदी प्रेमाने, त्याला घरी जायला सांगत होती.

तिने विचारलं होतं, पडलात का. त्याने खरं उत्तर दिलं होतं.

"ऐक," ती म्हणाली. "तुझ्या मानेतला एक मणका बहुतेक जागेवर नाही. त्याच्या आतून सगळ्या अंगाच्या नसा जातात. आत्ता माझ्याबरोबर चल, कॉलर घालू, एमआरआय करू. तोवर थराखाली जायचं नाही. एक धक्का पुरे आहे, अमित. हात, पाय, सगळं जाईल. श्वासही जाऊ शकतो."

तो हातातला चिमटा उघडत-मिटत राहिला. "हंडीनंतर करतो."

"हंडीनंतर नाही!"

"नारळ फुटलाय, मॅडम. नारळ फुटल्यावर दुखणं सांगायचं नसतं. एकाने सांगितलं की सगळ्यांना लागतं. आमच्यात तसंच आहे." मग तिचा चेहरा बघून तो घाईने म्हणाला, "बरं, बरं. उद्या सरावाला जातो, पण उभा राहत नाही. काकांना सांगतो. सोमवारी तुमच्या त्या मशीनमध्ये झोपतो. शप्पथ."

तिने आपल्या बॅगेतली मऊ कॉलर त्याच्या गळ्यात अडकवली. गल्लीच्या टोकाला पोचून तिने मागे वळून बघितलं, तेव्हा ती त्याने काढून काउंटरवर ठेवली होती.

राजलक्ष्मी मॅडमना तिने रस्त्यातूनच फोन लावला. पलीकडून एक सुस्कारा आला. "सोमवारी सकाळी पहिला नंबर त्याचा. मी बोलते रेडिओलॉजीत. आणि जुई, हे त्याचं आधीचं होतं. आपल्यामुळे नाही. हे नीट लक्षात ठेव. कुणी विचारलं तर."

"मॅडम, मला कुणी विचारायची गरज नाहीये."

रविवारी सकाळी अमितचा फोन बंद लागला. बाबुरावांचाही. मग तिला आठवलं, सरावाआधी सगळ्यांचे फोन एका पिशवीत जातात. तिने गिरगावातून टॅक्सी केली. वाटेत ती स्वतःला समजावत होती की त्याने शपथ घेतली आहे.

सरावाच्या मैदानाच्या कडेला बाकांवर पोरं पालथी झोपली होती, ओळीने, मासळी वाळत घालावी तशी. बाबुराव एकाच्या मानेवर अंगठे रुतवून उभे होते.

"ये, ये गो बाय! तुझंच बघून शिकलो. व्हिडिओ फिरतोय ना तुझा, अमितचा. वाट बघायला मला कुठे वेळ, मी जरा जोर लावतो." बाकावरचा मुलगा कण्हला. "गप रे मेल्या, मोकळा होतोयस."

"काका, थांबा! हात काढा आधी!" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "अमित कुठंय?"

बाबुरावांनी हनुवटीने दाखवलं.

मैदानाच्या मधोमध थर लागले होते. पहिल्या थराभोवती टेकू द्यायला पोरांचं दाट कडं, त्यावर दुसरा थर, तिसरा, चौथा. पाचव्यावर पोरं चढत होती. पहिल्या थरातले चेहरे दिसत नव्हते. सगळ्यांनी हात एकमेकांच्या खांद्यांत गुंतवून माना खाली घातल्या होत्या. पण मधले रुंद, बुटके खांदे तिने ओळखले. त्या दोन खांद्यांवर दोन पावलं होती, आणि पावलांच्या मधे खाली वाकलेली, उघडी, मोकळी मान.

"त्याने सांगितलं नाही तुम्हाला?"

"काय सांगितलं नाही?"

तिने तोंड उघडलं, आणि बाबुरावांचा हात तिच्या दंडावर आला. घट्ट. "हाक नाही मारायची," ते पुटपुटले. थट्टा पार गेली होती. "थर उभे असताना खालच्याला नावाने हाक नाही मारायची. त्याने वर बघितलं की सगळे खाली. त्याच्याच मानेवर."

तिने एका दमात त्यांना सांगितलं. लालबाग, गुडघा, मणका, अंगठा. बाबुरावांना शास्त्र कळलं नसेल, पण लालबाग कळलं. तो टॉवेल त्यांनीच बांधला होता. त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि एक लांब, मऊ शिट्टी वाजवली: उतरा. सावकाश उतरा.

वरची पोरं थबकली. एवढ्यात का, म्हणून कुणीतरी ओरडलं. मग उतरायला लागली. चढण्यापेक्षा उतरणं वाईट असतं हे जुईला तेव्हा कळलं. एकेक पाय खालच्या खांद्यावर चाचपडत यायचा, एकेक हिसका सगळ्या मनोऱ्यातून खाली झिरपत जायचा.

तिला तिथे उभं राहवेना. टेकू देणाऱ्यांच्या कड्यात ती शिरली. घामेजल्या पाठी बाजूला सारत, कुणाच्या तरी कोपराचा मार खात, आत. "ओ मॅडम!" कुणीतरी म्हणालं, आणि तिला वाट दिली. अमितच्या मागे पोचल्यावर तिने हात वर केले, दोन पावलांच्या मधून घातले आणि त्याची मान दोन्ही तळव्यांत धरली. अंगठे मागे, बोटं जबड्याखाली. ह्याने काही होणार नाही हे तिला माहीत होतं. एवढा भार दोन हातांच्या आवाक्यातला नव्हता. तरी तिने धरली.

"कोण?" अमितचा आवाज आला, जमिनीकडे तोंड केलेला.

"मी आहे. हलू नकोस. बोलू नकोस."

"तुमचे हात ओळखले," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "मॅडम, माझे हात कुठायत ते मला कळत नाहीये."

त्याचे हात शेजाऱ्यांच्या खांद्यांत गुंतलेले होते, तिच्या डोळ्यांसमोर. "आहेत," ती म्हणाली. "जागेवर आहेत."

तिच्या बोटांखाली मान थरथरत होती. तीच बारीक थरथर, जी त्या दुपारी आली होती आणि जिच्यामागोमाग सगळं मऊ झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने हाताखालच्या स्नायूला मनातून विनवलं: सुटू नकोस. घट्ट हो. जसा होतास तसा हो.

वर कुणाचा तरी पाय निसटला. कड्यातून "ए!" अशी एकच आरोळी उठली. भार डावीकडे झुकला, अमितच्या गुडघ्यातून एक कंप गेला, आणि जुईच्या बोटाखाली, खळग्याच्या जागी, काहीतरी केसभर सरकलं. तिला ते ऐकू आलं नाही. ते तिला कळलं. मग भार परत सरळ झाला.

पावलं खांद्यांवरून एकेक करून उतरली. शेवटचा माणूस उतरला तेव्हा पहिला थर उभाच राहिला, कारण बाबुराव ओरडत होते, "अमितला सोडू नका! त्याला उभाच धरा!" पोरांनी त्याला धरून आडवं केलं. जुईचे हात मानेवरून हलले नाहीत. मैदानात नाहीत, रुग्णवाहिकेतही नाहीत. एका कर्मचाऱ्याने कडक कॉलर चढवली आणि तिची बोटं एकेक करून सोडवली, तेव्हाच ती निघाली.

एमआरआयच्या चित्रात पाचवा मणका सहाव्याच्या पुढे आलेला होता, आणि मागे मज्जारज्जू चिमटीत धरलेल्या दोऱ्यासारखा दबला होता. शस्त्रक्रिया त्याच संध्याकाळी झाली. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, पाय हलताहेत, श्वास स्वतःचा आहे. हातांचं आत्ता सांगता येणार नाही. मग त्यांनी जाता जाता विचारलं, "एवढी अस्थिर मान घेऊन हा इतके दिवस फिरत कसा होता? स्नायू तर अगदी सैल होते."

जुईने उत्तर दिलं. सगळं, सुरुवातीपासून. सर्जन ऐकत राहिले, आणि मग निघून गेले.

अमित शुद्धीवर आल्यावर त्याच्या आईने त्याला चमच्याने पाणी पाजलं. ग्लास त्याला धरता येत नव्हता. जुईला बघून त्याने हसायचा प्रयत्न केला. "स्क्रू पडला, मॅडम," तो म्हणाला.

त्या आठवड्यात राजलक्ष्मी मॅडमनी तिला बोलावून सांगितलं की अमितचे आकडे अभ्यासातून वगळता येतील; उपचार पूर्ण झाला नाही, असं कारण नियमात बसतं. जुई म्हणाली, वगळणार नाही, आहे तसं लिहिणार. आणि बाकीच्यांना परत तपासल्याशिवाय अभ्यासही पुढे नेणार नाही. मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बाकीच्यांना काय झालंय?"

"माहीत नाही," जुई म्हणाली. "मी चुकीचा प्रश्न विचारला होता."

म्हणून ती पुन्हा काळाचौकीच्या त्या खोलीत गेली. राजस टॅब घेऊन शेजारी बसला. ट्रॉफ्या तशाच होत्या, बनियनही. पोरं भिंतीला टेकून बसली होती, तिच्या दोन्ही गटांतली, आणि जी कुठल्याच गटात नव्हती पण ज्यांच्या माना बाबुरावांनी मोकळ्या केल्या होत्या, तीही. नारळ फुटलेला असताना दुखणं विचारायला आलेल्या बाईकडे ती नजर देत नव्हती. हंडीच्या दिवशी उतरायचं की नाही हे कुणीच उघड बोलत नव्हतं.

"एकच विचारते," जुई म्हणाली. "तुमच्यापैकी कुणाकुणाच्या मानेवर, डोक्यावर, आजवर कधी कुणी पडलंय?"

मग मागून एकजण म्हणाला, "मॅडम, हात कुणी वर करायचे हे विचारण्यापेक्षा कुणी करायचे नाहीत ते सांगा ना!"

कुणीतरी खुदकन हसलं. हसू खोलीभर पसरलं, आणि त्या हसण्यातच हात वर जायला लागले. एक, मग चार, मग सगळी भिंत. कुणाचा सरळ, कुणाचा खांद्यापर्यंतच. एक-दोन हातांची बोटं पुरती उघडत नव्हती. ते ज्यांचे होते त्यांना ते ठाऊक दिसत नव्हतं.

राजसने टॅब खाली ठेवला.

"चल, माझ्यापासून सुरू कर," बाबुराव पुढे झाले आणि त्यांनी आपला रुंद, जाड हात तिच्यापुढे धरला. "पोरांची भीती मोडेल. म्हाताऱ्याला काय धाड भरलीये?"

जुईने त्यांचं मधलं बोट सैल धरलं आणि नखावर टिचकी मारली.

अंगठा आत वळला.

बाबुराव आपल्याच हाताकडे, दुसऱ्या कुणाचा असावा तसं, बघत राहिले. "हे मी नाही केलं," ते म्हणाले. "जुई, हे कशाने होतं गो?"

तिने त्यांचा हात सोडला नाही. मोकळ्या हाताने तिने पुढच्याला खूण केली, आणि तोही हात पुढे करून उभा राहिला.